सम महिने तुझे, विषम माझे

पनवेल, ९ सप्टेंबर

रंजू,

'प्रिय' लिहिणार नव्हते, आणि लिहिलेलं नाही, बघ.

फोन केला की शैलेश उचलतो आणि म्हणतो, "मावशी, आई झोपलीय." सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, दिवेलागणीलाही झोपलेली. कुंभकर्णानं तुझ्याकडे शिकवणी लावली असती. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तू उघडतही नाहीस. म्हणून हे पत्र. गाढी नदीचा पूल ओलांडला की तुझं करंजाडे, रिक्षात बसून धड घामही पुसून होत नाही तेवढ्यात येतं, आणि मी पाकिटाला तिकीट चिकटवतेय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी-शेजारी बसून नोकरी केलेल्या दोन बायकांवर ही वेळ यावी.

मुद्द्याचं बोलते. त्या रविवारी जगनच्या रद्दीच्या दुकानात मी असं काय मोठं बोलले? सकाळी तू शैलेशकरवी निरोप दिलास की बरं नाही, आज येत नाही. ठीक. मी एकटी गेले. तर आपल्या नेहमीच्या बाकड्यावर तू बसलेली, आणि शेजारी, म्हणजे माझ्या जागेवर, ती बेलपाड्याची कीर्ती. तुझ्या मांडीवर 'कुंदकळी'चा अंक, दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली, ती तुझ्या कानाशी कुजबुजतेय आणि तू डोळे मिटून हसतेयस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी फक्त एवढंच म्हटलं, "का गं रंजू, तुला स्वतःला वाचता येत नाही का?" यात एवढं झोंबायला काय होतं? पण तुझा चेहरा असा पडला की मी जणू कानशिलात ठेवून दिली. तू उठलीस, तिचा हात धरलास आणि चालती झालीस. हात धरून. माझा हात धरून तू आजवर साधा रस्ता ओलांडलेला नाहीस. मी अजून रिक्षावाल्यांना शिव्या घालत असायचे तेव्हा तू पलीकडे पोचून मला हसत असायचीस.

तुला सगळ्याचाच विसर पडलेला दिसतो, म्हणून आठवण करून देते. 'कुंदकळी' बंद पडली तेव्हा आपण दोघी शाळकरी होतो. पुढं नोकरीला लागल्यावर जगनच्या बापाकडे पहिला गठ्ठा सापडला आणि दोघींनी त्यात एकदमच हात घातला. भांडण नको म्हणून नियम तूच काढलास. विषम महिने वसूचे, सम महिने रंजूचे. जानेवारी माझा, फेब्रुवारी तुझा. लोकांनी वेड्यात काढलं. अर्धा-अर्धा संग्रह कोण करतं? पण त्यामुळेच कुठलीही क्रमशः कादंबरी वाचायची तर मला तुझ्याकडे यावं लागायचं आणि तुला माझ्याकडे. मे महिन्यात नायिकेला ताप चढला, तर ती जगली की गेली हे बघायला मी तेव्हाच्या तुझ्या कोन गावातल्या घरी माळ्यावर चढलेली आहे, नेसत्या साडीनिशी.

मग गठ्ठ्यात निघाला दिवाळीचा जोडअंक. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र. तो सम की विषम? त्यावर महिनाभर अबोला झाला आणि शेवटी ठरलं की सगळे जोडअंक एका पेटीत राहतील. गुढीपाडव्याला पेटी माझ्याकडे यायची, दसऱ्याला तुझ्याकडे. पेटीला हळदकुंकू वाहायचं आणि घेणारीनं देणारीच्या हातावर साखर ठेवायची. सवती मूल वाटून घेतात तसं, असं तुझे यजमान म्हणायचे.

आणि आता ही कीर्ती. जगन सांगत होता, हिच्याकडे 'कुंदकळी'चे सगळे महिने आहेत. सम आणि विषम. एकही गळलेला नाही. मग काय, तुझ्या जूननंतरचा जुलै तिच्याच कपाटात आयता मिळत असणार. माझ्याकडे जिने चढून यायचं कारणच संपलं.

जळते मी. लिहूनच टाकते, म्हणजे तुला शोधत बसायला नको.

दसरा जवळ येतोय. पेटी माझ्याकडे आहे, एवढं ध्यानात ठेव.

वसुंधरा


पनवेल, १६ सप्टेंबर

रंजू,

उत्तर नाही. बरं.

काल उरण नाक्याच्या भाजीबाजारात मी अळूची जुडी बघत होते आणि तू समोरून आलीस. मधे एक टोपली, एवढंच अंतर. मी हसले. माझ्यासारखी हट्टी, पण हसले, हातसुद्धा वर केला. तू माझ्याकडे सरळ बघितलंस आणि पुढं गेलीस. अळूवाल्या सोनाबाईनं ते बघितलं आणि मला उगाच दोन पानं जास्त दिली. दया आली असेल बाईला.

मागून ती होतीच, तुझी पिशवी सांभाळत. तिनं मला बघितलं आणि तुझ्या कानात काहीतरी सांगितलं. त्यावर तू वळलीस आणि भलत्याच एका बाईकडे बघून गोड हसलीस. मला डिवचायला. हे तुझं नाही रंजू. तुला एवढा कपटीपणा येत नाही, हा शिकवलेला आहे.

आता जरा त्या बाईविषयी. साडीला इस्त्री इतकी कडक की बसताना घडी मोडेल म्हणून ती निम्मा वेळ उभीच असते. कपाळावर टिकली अशी की फूटपट्टी लावून मध्य काढला असावा. बोलणं हळू, मऊ, लोण्यात सुरी फिरवल्यासारखं. मला अशा माणसांची भीती वाटते. मनात आलं ते बोलून मोकळं झालेलं माणूस बरं, निदान पोटात काही साठत नाही. आणि वर फुकटी. जगनच म्हणाला, "मावशी, ती बाई काय घेत नाय. रंजूमावशीला घेऊन येते, दोघी बसतात, ही वाचते आणि जातात." म्हणजे रद्दीवाल्याच्या बाकड्यावर बसून वाचनालय चालवायचं. बेलपाड्याची भवानी.

तिला 'कुंदकळी'तलं काय कळतं? कळत असेल तर सांगावं तिनं, भरतकामाचे नमुने मधल्या पानात का घालायचे. मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. ते पान सोडवून काढता यावं म्हणून. गंजलेल्या पिना काढून अंक दोऱ्यानं शिवायचं मी तुला शिकवलं आणि कसर लागू नये म्हणून तंबाखूची पानं ठेवायचं तू मला शिकवलंस. तुझ्या घरात तंबाखू खाणारी तीन माणसं होती, माझ्या घरात नाव काढलं तरी आई अंघोळ करायची. या सगळ्यात ती कुठं होती? आयत्या बिळावर नागोबा.

स्पष्ट सांगते. जोडअंकांच्या पेटीला तिचा हात लागणार असेल तर दसऱ्याला पेटी येणार नाही. हाताचं तेल लागून मुखपृष्ठं काळी पडतात हे कारण मी जगाला सांगेन. तुला खरं कारण माहीत आहे.

घरात दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. जुलैचे अंक उन्हात घातले होते, ते परत आत ठेवताना एक कादंबरी अर्धी राहिल्याचं आठवलं. आपली, डॉक्टरणीची. जुलैत ती गाव सोडून निघते. ऑगस्ट तुझ्याकडे. मी अडकून पडलेय स्टेशनावर तिच्याबरोबर.

वसुंधरा


पनवेल, २३ सप्टेंबर

रंजू,

काल घट बसले आणि तुझं कार्ड आलं. पोस्टमननं दारातच वाचलं असणार, कारण देताना तो हसला.

"वसू, पत्रं मिळाली. पेटी दसऱ्याला आण. नसेल आणायची तर नको आणू, पण मनाला लावून घेऊ नको. मी बरी हाय. रंजू."

मजकूर तुझा. अक्षर तिचं. मला काय तुझं अक्षर ठाऊक नाही? ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्यांवर तुझा 'र' असा असायचा की त्याला पाय फुटून तो पळून जाईल. हे अक्षर गोल, सरळ रेषेत बसलेलं, बँकेत जन्म काढलेल्या बाईचं. चार ओळी लिहायला तुला लेखनिक लागते आता? एवढी मोठी झालीस? का माझ्यासाठी पेन उचलायचाही कंटाळा?

आणि 'हाय'. त्या 'हाय'वर मी कालपासून बसून आहे. एक्स्चेंजमध्ये नवीन आलीस तेव्हा कोणीतरी तुझ्या बोलण्याला हसलं. दुसऱ्या दिवसापासून तू 'आहे', 'नाही', 'आम्ही' म्हणायला लागलीस, ते आजतागायत. माझ्याशीसुद्धा. तुझ्या घरी, तुझ्या चुलीपाशी बसलेली असतानाही तू सासूशी 'हाय' आणि माझ्याकडे वळून 'आहे' म्हणायचीस. मला ते नेहमी खुपायचं, पण कधी विचारलं नाही. आणि जिला ओळखून तुला जेमतेम वर्ष झालंय, तिच्यासमोर तुझं 'हाय' निघतं आणि ती ते जसंच्या तसं कागदावर उतरवते. सगळे बारा महिने तिच्याकडे होतेच. आता हेही तिला.

मी ठरवलंय. बेलपाड्याला जाऊन तिचा तो अखंड संग्रह एकदा डोळ्यांनी बघणार. काय आहे त्यात एवढं, ते मला कळू दे. तुला विचारून जात नाही, कळवून जातेय.

वसुंधरा


पनवेल, २९ सप्टेंबर

रंजू,

आणि कीर्तीबाई, तुम्हीही. कारण हे पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचताय, आता मला माहीत आहे. तुमच्याविषयी जे येईल ते गाळू नका. आजवर गाळलं नाहीत म्हणे.

रंजू, काल काय झालं ते माझ्या तोंडून ऐक. म्हणजे तिच्या तोंडून, पण माझं.

मी बेलपाड्याला गेले. दारात खोटंच नाव सांगितलं, "मी विनिता. 'कुंदकळी'चे अंक बघायला आले." हिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "या, वसुंधराताई." मी म्हटलं, मी विनिता. ती म्हणाली, "बरं, विनिताताई, पंखा लावते, वसुंधराताईंना उकडतं फार." आता सांग, या बाईशी भांडायचं कसं?

तिनं कपाट उघडलं. सगळे महिने, खरंच, सगळे. पण बांधून घेतलेले. एकेका वर्षाचा एकेक ठोकळा, मरून रंगाचा पुठ्ठा, वर सोनेरी आकडे. मी एक उघडला आणि माझा जीव भांड्यात पडला. मुखपृष्ठं नाहीत. जाहिराती नाहीत. भरतकामाची पानं नाहीत. बांधणाऱ्यानं नको म्हणून सगळं फाडून टाकलं आणि कडा यंत्रावर कापल्या, तर वाचकांच्या पत्रांतली शेवटची अक्षरंही उडाली. ना केसांच्या तेलाची ती लांब वेणीवाली, ना साबणाचं ते बाळ. मला इतका आनंद झाला की मी चहा मागून घेतला. कीर्तीबाई, खरं तेच लिहितेय.

चहा देताना ही म्हणाली, "आईचे आहेत. तिनं हौसेनं बांधून घेतले. तुम्हाला हसू येणार हे रंजिताताईंनी आधीच सांगितलं होतं." मग म्हणाली, "तुमचं अक्षर फार बारीक आहे हो. दुसऱ्या पत्रात त्या 'भवानी'पाशी मी अडखळले."

मी कप खाली ठेवला. विचारलं, "तुम्ही माझी पत्रं वाचता?"

"मीच वाचते. त्यांना कुठं दिसतंय आता."

तिला वाटलं मला ठाऊक आहे. सगळ्या पनवेलला ठाऊक असेल आणि मला नसेल, असं तिला कसं वाटावं? माझा चेहरा बघून तिला कळलं. मग तिनं सांगितलं. डोळ्याचा पडदा. मधलं सगळं धूसर, कडेचं तेवढं दिसतं. समोरचं माणूस दिसत नाही, अक्षर तर नाहीच. डोळ्यात सुया घेतेस म्हणे. डोळ्यात, रंजू. कढई तडतडली तर तू स्वयंपाकघराबाहेर पळतेस. हिची आई त्याच दुखण्याची, दवाखान्याच्या बाकड्यावर तुमची ओळख झाली. मला वाटत होतं रद्दीच्या दुकानात झाली. म्हणजे माझा मत्सरसुद्धा चुकीच्या पत्त्यावर जात होता.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं?"

हिनं तुझं बोलणं तुझ्याच भाषेत सांगितलं. "वसूला कळलं तर ती माजी आया व्हईल. सकाल-संध्याकाल येईल, औषध दिलं का विचारील, गोड-गोड बोलंल. मना ती भांडायला पायजे."

मी कप पुन्हा उचलला. चहा पिते असं दाखवलं, तो संपला होता.

मग ती सांगत राहिली, तू माझी पत्रं ऐकतानाची गंमत. इस्त्रीच्या साडीचा मजकूर तू तीनदा वाचायला लावलास आणि हसता-हसता तुला ठसका लागला. हिनं स्वतःच्या साडीवरचं ते सगळं तीन वेळा मोठ्यानं वाचलं. कीर्तीबाई, तुमची कमाल आहे. मी असते तर पहिल्या वेळीच कागद चुलीत घातला असता.

आणि सगळ्यांत शेवटी, मी उठले तेव्हा, ती म्हणाली, "एक सांगू? त्यांचे सम महिने मी वाचून दाखवते. पुढचा अंक लागला की मी म्हणते, माझ्याकडे आहे, घेऊन येते. तर चिडतात. म्हणतात, 'जुलै नाय वाचायचा. जुलै वसूचा हाय.' त्या डॉक्टरणीचं जूनमध्ये अडकलंय ते अडकलंय. श्रावणापासून."

रिक्षात बसले आणि घरी येईपर्यंत रडले. रिक्षावाल्यानं आरशात बघून गाणं बंद केलं. मी म्हटलं, चालू ठेव बाबा, गाण्यावर माझा राग नाही.

आता तू म्हणशील, झालं, वसूचं पोटदुखणं थांबलं. नाही थांबलं. वाढलं. पूर्वी ही तुझ्याकडे येते म्हणून जळत होते, आता का येते ते कळल्यावर जास्त जळते. तुला दिसेनासं झालं तो दिवस तिला माहीत आहे, मला माहीत नाही. पहिली सुई टोचली तेव्हा तुझा हात तिच्या हातात होता. तो माझ्या हातात असता तर मी डॉक्टरलाच चार शब्द सुनावले असते आणि तू टेबलावर पडून हसली असतीस. ते माझं काम होतं. तू ते परस्पर देऊन टाकलंस, भरती निघाल्याची मला वार्ताही नाही. याचा राग मी सोडणार नाही. दिसत नाही म्हणून तुला सूट मिळणार नाही, मी आया होणार नाही, औषधाचं विचारणार नाही. भांडायला पायजे ना तुला? भांडते.

तेव्हा हे ऐक. विषम महिने मी वाचणार. माझ्या आवाजात, माझ्या वेगानं, मधे-मधे नायिकेला शिव्या घालत. सम महिने तिनं वाचावेत, तिच्या त्या लोण्यासारख्या आवाजात, आणि तेव्हा मी समोर बसणार आणि उच्चार तपासणार. यात तडजोड नाही. माझ्याशी बोलताना 'आहे' म्हणायचं नाही. कुणी हसलं होतं तेव्हा, त्यात मी नव्हते, हे तुला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

जगनच्या दुकानात मी जे विचारलं ते मला माहीत नसताना विचारलं. ते तुलाही ठाऊक आहे. तरी ते तुझ्या कानात राहिलं असणार, काल रात्री ते माझ्याही कानात होतं. त्यावर मला जे म्हणायचंय ते तयार आहे. एक वाक्य आहे, फार मोठं नाही. सकाळपासून तीन कागद फाडले. पण ते मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर कीर्तीबाई वाचणार, नीट, हळू, जिथं थांबायचं तिथं थांबून. माझी माफी पहिल्यांदा तिच्या आवाजात तुझ्या कानावर पडलेली मला चालणार नाही.

दसऱ्याला सकाळी येते. शैलेशला सांग, आई झोपलीय म्हणालास तर दारातच बसेन.

कीर्तीबाई, पत्र इथं संपलं. घडी घाला आणि तिच्या हातात द्या.

वसू